आजोबांच्या दुनळीचे करायचे काय?

शिकार बंद झाली, शिकारी गेले. पण त्यांच्या बंदुका घराघरांतल्या कपाटांत अजून उभ्या आहेत. वारसाने आलेली अशी एखादी जुनी दुनळी दुरुस्त करायची, म्हणजे नेमके काय काय दुरुस्त करायचे?

खंडेनवमीला आपल्याकडे घरातली सगळी हत्यारे देवापुढे मांडली जातात. शेतकऱ्याच्या घरी विळे, कोयते, पहारी. सुताराच्या घरी करवत आणि रंधा. शिंप्याच्या घरी शिवणयंत्रालाही हळदकुंकू लागते. काही घरांत या ओळीच्या शेवटी आणखी एक वस्तू असते. वर्षातून एकदा ती खाकी खोळीतून बाहेर निघते, तिच्या लाकडी दस्त्यावर झेंडूचे फूल ठेवले जाते, मुलांना "हात लावायचा नाही" म्हणून दटावले जाते आणि दसरा उलटला की ती पुन्हा कपाटात जाते. आजोबांची बंदूक!

ही बंदूक आजोबांना कशासाठी लागत होती, हे नव्या पिढीला गोष्टींवरूनच ठाऊक असते. गोष्टींत वाघ आणि बिबटे फार असतात. प्रत्यक्षात गावाकडची बहुतेक दुनळी वाघासाठी नव्हतीच. ती होती छोट्या शिकारीसाठी. ससा, तितर, लावा, रानकोंबडा, होला, तळ्यावरचे बदक. उंबराच्या झाडावर फळे खायला उतरलेला हरियालांचा थवा. या बंदुकीतून एक गोळी सुटत नाही, मूठभर शिशाचे छर्रे सुटतात आणि पसरत जातात. उडत्या पाखरासाठी तेच हवे. 'बारा बोअर' या नावातही तोच जुना हिशेब आहे. नळीच्या पोटात नेमकी बसेल अशी शिशाची गोळी घ्यायची. अशा बारा गोळ्यांचे वजन एक पौंड भरले की ती बंदूक बारा बोअरची. नळीची आतली रुंदी सुमारे साडेअठरा मिलिमीटर.

शिकारीचा दरवाजा मात्र टप्प्याटप्प्याने बंद होत गेला. मुंबई राज्याने १९५१ साली वन्य पशुपक्ष्यांच्या रक्षणाचा कायदा केला, तरी परवाना काढून शिकार करता येत असे. मग १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला. गंमत अशी की, या कायद्याच्या मूळ रूपात चौथ्या अनुसूचीचे नावच 'छोटी शिकार' असे होते आणि त्या शिकारीसाठी परवान्याची सोयही होती. १९९१ च्या दुरुस्तीने ती सोय काढून टाकली. तेव्हापासून हौसेची शिकार, मग ती सशाची का असेना, हा गुन्हा आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर (ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली) साध्या गुन्ह्यालाही तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्यासाठी, आणि मोर त्यातच येतो, सात वर्षांपर्यंत कैद आहे. आणि ज्या बंदुकीने शिकार केली ती सरकारजमा होते. ज्या हरियालासाठी आजोबा उंबराखाली दबा धरून बसत, तो आता महाराष्ट्राचा राज्यपक्षी आहे!

याबद्दल हळहळणारे लोक भेटतात. प्रस्तुत लेखकाला ही हळहळ पटत नाही. भरतपूरच्या पाणथळीवर १२ नोव्हेंबर १९३८ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांच्या मंडळींनी एका दिवसात ४,२७३ पाखरे पाडली, आणि तो आकडा अभिमानाने दगडावर कोरून ठेवला. तो दगड आजही तिथल्या राष्ट्रीय उद्यानात पाहता येतो. आपले आजोबा काही व्हाइसरॉय नव्हते, त्यांच्या पिशवीत दोन तितर आणि एक ससा असे, हे खरे. पण पिशव्या पुष्कळ होत्या आणि राने कमी होत चालली होती.

प्रश्न उरतो तो बंदुकीचा.

कोयनेकाठचे एक घर

सातारा जिल्ह्यात पाटण तालुक्यातल्या एका कुटुंबापुढे हा प्रश्न २०२१ साली उभा राहिला. नावे छापू नयेत या अटीवर त्यांनी सगळी हकिकत सांगितली. वडील, म्हणजे आबा, वारले. मागे आई, दोन मुलगे आणि एक मुलगी. थोरला गावी शेती करतो, धाकटा पुण्यात नोकरीला आहे आणि मधली बहीण कऱ्हाडला शाळेत शिक्षिका आहे. आबांच्या कपाटात त्यांच्या वडिलांनी कुणाकडून तरी जुनी म्हणून विकत घेतलेली विलायती दुनळी होती. बाहेरून दिसणारे दोन घोडे असलेली, लांब नळ्यांची. दस्त्याच्या मानेला तांब्याची तार घट्ट गुंडाळलेली.

त्या तारेला एक इतिहास आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला, तेव्हा या घराची मागची भिंत पडली. भिंतीवरच्या खुंट्यांना टांगलेली बंदूक दगडमातीखाली गेली. माणसे वाचली. चार दिवसांनी ढिगारा उपसताना बंदूक सापडली, तेव्हा दस्ता मानेपाशी चिरलेला होता. आजोबांनी मोटारीच्या वायरमधली तांब्याची तार काढून ती मान बांधली. तेव्हापासून घरात बंदुकीला कुणी बंदूक म्हणत नाही, "तारेची" म्हणतात.

आबांचे दिवसकार्य आटोपले आणि आठवड्याभरात पोलीसपाटील घरी आले. चहा घेऊन झाल्यावर हळूच म्हणाले, "वहिनी, आबा गेलं. आता तारेची कुणाच्या नावावर?"

घरात कुणी हा विचारच केला नव्हता. शेतजमीन वारसांच्या नावावर लागते, तशी बंदूकही लागेल अशी सगळ्यांची समजूत होती. इथेच बहुतेक घरांची फसगत होते. बंदुकीचा परवाना माणसाच्या नावाचा असतो, घराचा नसतो. परवानाधारक गेला की घरात ठेवलेली बंदूक ही विनापरवाना बंदूक ठरते. ती विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करायची आणि पावती घ्यायची, असा नियम आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवान्याशिवाय बंदूक बाळगण्याची शिक्षा कमीत कमी दोन वर्षे आणि जास्तीत जास्त पाच वर्षे आहे. "गंजलेली आहे, उडत नाही" ही सबबही चालत नाही. कायदा सूट देतो ती केवळ अशा जुन्यापुराण्या किंवा मोडक्या हत्याराला, की जे दुरुस्त करूनही उडवता येणार नाही.

तारेची दुसऱ्याच दिवशी शहरातल्या एका परवानाधारक दुकानात जमा झाली. ठाण्याऐवजी दुकान निवडले ते बहिणीच्या सांगण्यावरून. ठाण्याच्या कोठडीत पावसाळा काढला तर गंज वाढेल, ही तिची भीती.

मग घरात बैठक बसली. आईचे म्हणणे सरळ होते. "देऊन टाका सरकारला. घरात नातवंडं हायती." धाकट्याला बंदुकीशी घेणेदेणे नव्हते. थोरल्याला ती हवी होती आणि त्याचे कारण भावनेचे नव्हते. "रानडुकरं रात्रीत अर्धा एकर भुईमूग नांगरून टाकत्यात. मी काय डबं वाजवत बसू?" बहिणीला ती हवी होती, पण का ते तिला नीट सांगता येईना. लहानपणी आबा बंदूक साफ करीत तेव्हा गजाला चिंध्या बांधून द्यायचे काम तिचे असे. दोन्ही भाऊ त्या वेळी विटीदांडू खेळत असायचे.

शेवटी तिच्या नावाने अर्ज करायचे ठरले. थोरला आठ दिवस तिच्याशी बोलला नाही.

आधी कागद, मग लोखंड

ज्यांच्या घरी असाच प्रसंग येईल त्यांच्यासाठी थोडे तपशिलात सांगतो. वारसाला परवाना मागण्याची तरतूद २०१६ च्या शस्त्र नियमांत आहे. परवानाधारक वारल्यावर अर्ज करता येतोच. पण त्याने वयाची सत्तरी गाठली किंवा बंदूक त्याच्याकडे पंचवीस वर्षे असली, तर तो हयात असतानाही ती वारसाच्या नावे करता येते. आबांच्या बाबतीत दोन्ही अटी केव्हाच पुऱ्या झाल्या होत्या. त्यांनीच हे करून ठेवले असते तर पुढची धावपळ वाचली असती. ज्यांचे वडील किंवा आजोबा अजून परवाना बाळगून आहेत त्यांनी हे जरूर ध्यानात घ्यावे.

अर्ज गावाकडे जिल्हाधिकाऱ्यांकडे आणि मोठ्या शहरांत पोलीस आयुक्तांकडे जातो. मृत्यूचा दाखला, मूळ परवाना, बाकीच्या वारसांचे ना-हरकत पत्र लागते. पोलिसांची चौकशी होते. बंदूक सुरक्षितपणे हाताळण्याच्या प्रशिक्षणाचा दाखला लागतो. २०१९ पासून एका माणसाला दोनच बंदुका ठेवता येतात आणि वारसाने आलेली बंदूकही त्या दोनांतच मोजली जाते. परवान्याची मुदत पाच वर्षांची असते. हे सगळे होईपर्यंत बंदूक जमा राहते आणि तिला हातही लावता येत नाही.

बहिणीच्या धाकट्या भावाने ना-हरकतीवर पुण्याहून येऊन सही केली. थोरल्याने कागद तीन महिने कपाटात ठेवला. मग एके दिवशी कुणी काही न म्हणता सही करून पाठवून दिला.

मिस्त्रींचा टेबल

परवाना हातात आल्यावर दुरुस्तीचा विचार. इथेही कायदा आडवा येतो आणि तो यावा हेच बरे. बंदुकीची दुरुस्ती परवानाधारक कारागिराकडूनच करून घ्यावी लागते. मालकाने ती पुसावी, तेल द्यावे, एवढेच. नळी कापून आखूड करणे हा तर स्वतंत्र गुन्हा आहे.

दुकानातले मिस्त्री साठी उलटलेले. लोक त्यांना चाचा म्हणतात. त्यांनी पुढचे लाकूड काढले, नळ्या वेगळ्या केल्या आणि पहिली गोष्ट केली ती ऐकण्याची. नळ्या एका आकड्याला टांगून त्यांनी बोटाच्या पेराने ठोकर दिली. देवळातल्या लहान घंटेसारखा आवाज घुमला. "जोड पक्का आहे ताई," ते म्हणाले. दोन नळ्यांना जोडणाऱ्या पट्टीचा टाका सुटला असता तर आवाज बद्द आला असता. मग त्यांनी नळी खिडकीकडे धरून आत पाहिले. चांगल्या नळीत प्रकाशाची वर्तुळे एकात एक सरळ जातात; कुठे पोचा असेल तिथे वर्तुळ वाकडे होते. डाव्या नळीत सगळे ठीक होते. उजवीत मध्येच काळ्या ठिपक्यांची रांग दिसली, देवीचे व्रण असावेत तशी.

नळ्यांच्या खालच्या बाजूचा मळ पुसल्यावर बारीक शिक्के दिसू लागले. इंग्लंडमध्ये बंदुकीची नळी विकण्याआधी ती जादा दारू भरून उडवून पाहण्याची सक्ती असते. लंडन आणि बर्मिंगहॅम इथली प्रूफ हाउसेस हे काम करतात. बर्मिंगहॅमचे १८१३ साली स्थापन झाले. हे शिक्के म्हणजे बंदुकीची जन्मपत्रिकाच. तारेचीच्या डाव्या नळीवर 'नॉट फॉर बॉल' असे तीन शब्द होते. घरात आजवर त्याचा अर्थ कुणाला कळला नव्हता. अर्थ सोपा आहे. या नळीचे तोंड किंचित अरुंद केलेले आहे, त्याला चोक म्हणतात. त्यामुळे छर्रे लांबवर एकत्र राहतात. पण अखंड गोळी घातली तर ती तोंडाशी अडकून नळी फाटेल. हा शिक्का बर्मिंगहॅमला १८७५ ते १८८७ या काळात वापरात होता. म्हणजे आजोबांनी 'जुनी' म्हणून घेतलेली बंदूक त्यांच्याही आधीच्या पिढीतली निघाली!

उन्हात धरल्यावर नळ्यांवर पुसट नागमोडी रेषा दिसत होत्या. चाचा म्हणाले, "दमास्कस." त्या काळी नळी अखंड पोलादातून कोरून काढीत नसत. लोखंड आणि पोलाद यांच्या कांबी एकत्र तापवून त्यांना दोरीसारखा पीळ द्यायचा, त्या पिळाची पट्टी करायची आणि ती गजाभोवती गुंडाळून ठोकून सांधायची. शेवटी नळीवर लाटांसारखी नक्षी उमटते. दिसायला फार सुंदर. पण नळीत असे लांबच लांब सांधे असतात आणि शंभर-सव्वाशे वर्षांत त्या सांध्यांच्या आत गंज शिरला आहे की नाही, हे बाहेरून कळत नाही.

आणखी एक अडचण दारूची. या बंदुका सोरा, गंधक आणि कोळसा यांच्या काळ्या दारूसाठी बनलेल्या. नंतर बिनधुराची नायट्रो दारू आली. तिचा जोर वेगळा, म्हणून नळ्यांची चाचणीही वेगळी. जुन्या बंदुकीवर नायट्रो चाचणीचा शिक्का नसेल तर आजचे काडतूस तिच्यात घालू नये. काडतुसाच्या लांबीतही गफलत होते. जुन्या नळीचे घर अडीच इंचांचे असते. आजचे पावणेतीन इंची काडतूस त्यात बसते, कारण उडण्याआधी त्याचे तोंड दुमडलेले असते. उडताना ते उलगडायला जागा मिळत नाही आणि नळीतला दाब भलताच वाढतो. बसले म्हणजे चालते, असे समजणाऱ्यांची बोटे गेलेली आहेत.

जिम कॉर्बेटने 'जंगल लोअर' या पुस्तकात आपल्या लहानपणीच्या बंदुकीचे वर्णन केले आहे. ती ठासणीची दुनळी होती, उजवी नळी जास्त दारूने फाटलेली, दस्ता आणि नळ्या पितळी तारेने बांधलेल्या. तो डाव्या नळीवर भागवीत असे. वाचताना मौज वाटते. चाचांना ही गोष्ट सांगितली तेव्हा ते हसले नाहीत. "साहेबाचं नशीब," एवढेच म्हणाले.

त्यांनी मापकाने नळीच्या भिंतीची जाडी मोजली. अर्ध्या मिलिमीटरच्या खाली गेली की जाणकार कारागीर मान हलवतात. उजवी नळी व्रणांच्या जागी त्याच्याही खाली होती. आतून घासून व्रण काढावेत तर भिंत आणखी पातळ होणार. "ताई, दोन कामं आहेत. एक, हिला देखणी करायची. ते होईल. दोन, हिच्यातून बार काढायचा. ते मी करणार नाही, आणि दुसरा कुणी करतो म्हणाला तर देऊ नका."

तार ठेवायची की काढायची?

देखणे करण्याचे काम तीन महिने चालले. यातले काही घरीही उपयोगी पडेल म्हणून सांगतो. गंजावर पॉलिशकागद मारायचा नाही. तेल लावून मुरू द्यायचे आणि अगदी बारीक स्टीलवूलने हळूहळू उतरवायचे. बफिंगच्या चाकावर तर नळी कधीच धरू द्यायची नाही. चकाकी येते पण शिक्के आणि नक्षी पुसली जाते, म्हणजे बंदुकीचे नावगावच गेले. निकेलचा मुलामा दिलेल्या जुन्या बंदुका पाहिल्या की चाचांच्या कपाळाला आठी पडते. स्क्रू काढायलाही बाजारातला पेचकस चालत नाही, कारण जुन्या स्क्रूंच्या खाचा केसासारख्या बारीक असतात.

नळ्यांवरची नक्षी पुन्हा उठवण्याची रीत मोठी नामी आहे. गंज काढायचा तो काढायचा, आणि मग मुद्दाम गंज चढवायचा! नळीला द्रावण लावून दमट जागी ठेवतात, बारीक गंज धरला की उकळत्या पाण्यात घालून पुसतात, पुन्हा द्रावण लावतात. लोखंड आणि पोलाद यांचा रंग वेगवेगळा उतरतो आणि पाचसहा वेळा असे केल्यावर पाण्यावरच्या तरंगांसारखी रेघोटी उमटते. दस्त्याचे अक्रोडाचे लाकूड आधी जुन्या तेलकट मळापासून मोकळे केले, मग जवसाचे तेल तळहाताने चोळले. एक हात पुरता वाळल्यावर दुसरा. व्हार्निश फासले तर एका दिवसात काम झाले असते, पण ते लाकडावर काचेसारखे बसते आणि पुढे तडकते.

मानेच्या चिरेसाठी तार सोडावी लागणार होती. आत डिंक भरून, पितळी खिळी बसवून चीर सांधता येते आणि वरून दिसतही नाही. चाचांनी तसे सुचवले. बहिणीने घरी विचारले. आजवर "देऊन टाका" म्हणणारी आई एकदम म्हणाली, "तार नगं काढू. मामंजींनी भुईकंपानंतर हातानं बांधलीया. ती गेली मग ऱ्हायलं काय तिच्यात?"

जुनी वस्तू दुरुस्त करताना हा पेच हटकून येतो. दुकानातून नवी आली तेव्हासारखी करायची, की घरात नांदली तशी ठेवायची? विलायती कारागिराच्या दृष्टीने ती तार म्हणजे ठिगळ. या घराच्या दृष्टीने बंदुकीवरची तेवढीच एक गोष्ट त्यांची स्वतःची होती. बाकी सगळे बर्मिंगहॅमचे. चाचांनी मधला मार्ग काढला. तार न तोडता अलगद उलगडली, चीर सांधली आणि तीच तार त्याच वेढ्यांनी पुन्हा गुंडाळली. तिचा आता उपयोग काही नाही.

रानडुकराचे काय?

थोरल्याचा प्रश्न मात्र या सगळ्यात सुटला नाही, आणि तो खरा प्रश्न आहे. शिकारीवर बंदी आली, राने राखली गेली, हे चांगले झाले. कोयना अभयारण्य १९८५ सालचे, सह्याद्री व्याघ्र प्रकल्प २०१० चा. पण रानाच्या कडेला ज्याचे शेत आहे त्याला रात्री झोप नाही. सिंधुदुर्गापासून विदर्भापर्यंत पीकसंरक्षणासाठी परवाना दिलेल्या बंदुका आहेत. त्यांतल्या कितीतरी अजून ठासणीच्याच. पण पीकसंरक्षणाचा परवाना म्हणजे जनावर मारण्याची परवानगी नव्हे, ही गोष्ट पुष्कळांना माहीत नसते. तो परवाना बंदुकीचा. जनावरासाठी वनखात्याचा वेगळा लेखी आदेश लागतो. पिकांची नासाडी करणाऱ्या रानडुकरासाठी असा आदेश मागता येतो, आणि नुकसानभरपाईसाठीही अर्ज करता येतो. काही राज्यांनी पुढे पाऊल टाकले. उत्तराखंडातल्या काही भागांत २०१६ मध्ये रानडुकराला काही काळापुरते उपद्रवी प्राणी ठरवण्यात आले. केरळने २०२२ मध्ये पंचायतींच्या प्रमुखांना डुक्कर मारण्याची परवानगी देण्याचे अधिकार दिले.

पण समजा, थोरल्याला आदेश मिळाला, तरी तारेची त्याच्या कामाची नाही. तितराच्या छऱ्र्यांनी रानडुक्कर मरत नाही, जखमी होते आणि उलटते. जाड छर्ऱ्याचे जोरदार काडतूस घालावे तर उजवी नळी पातळ. गोळी घालावी तर डावीवर साक्षात 'नॉट फॉर बॉल' लिहिलेले. चाचांनी हे त्याला स्वतः समजावून सांगितले, नळी हातात देऊन. बहिणीने सांगितले असते तर त्याला खरे वाटले नसते.

त्याने शेताला सौरकुंपण घातले आहे. डुकरे कमी झाली, माकडे नाहीत.

कोडगूचा बार

बंदूक उडवायची नसेल तर ती घरात असून उपयोग काय, असा प्रश्न कुणी विचारील. त्याचे एक उत्तर कर्नाटकातल्या कोडगू जिल्ह्यात मिळते. तिथल्या कोडव समाजाला आणि जम्मा जमीनधारकांना बंदुकीच्या परवान्यातून सूट आहे. तिचा उगम इंग्रजांच्या काळात, १८६१ साली झाला. केंद्र सरकारने २०१९ मध्ये ती २०२९ पर्यंत वाढवली आणि २०२१ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयानेही ती उचलून धरली. सप्टेंबरच्या सुरुवातीला, भाताची लावणी उरकली की, तिथे 'कैलपोळ्द' हा सण येतो. घरातल्या बंदुका साफ करून पूजेला मांडतात आणि नळीला एक फूल खोचतात. कोडव भाषेत त्याला 'तोक पू', म्हणजे बंदुकीचे फूल म्हणतात. ते फूल आपल्या ओळखीचे आहे. सह्याद्रीत पावसाळ्यात कुंपणावर पेटल्यासारखी फुलते ती कळलावी!

पूर्वी या सणानंतर सगळे रानात शिकारीला जात. आता नारळावर नेम धरण्याच्या स्पर्धा होतात. घरात मुलगा जन्मला की एक बार आणि माणूस गेले की दोन बार, ही रीत टिकून आहे. वन्यजीव कायदा कोडव माणसालाही तसाच लागू आहे. बंदूक राहिली, शिकार गेली आणि सण थांबला नाही.

नेमबाजीची खरोखर हौस असेल त्याला मातीच्या उडत्या तबकड्यांचा खेळ आहे. बिकानेरचे महाराजा करणीसिंह यांनी त्यातच १९६२ साली कैरोला जागतिक स्पर्धेत रौप्यपदक मिळवले आणि राज्यवर्धन राठोड यांनी २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये. मात्र त्यासाठी आजची बंदूक हवी. आजोबांच्या दमास्कसला या वयात दिवसाला शंभर बार काढायला लावणे बरे नव्हे.

तारेची आता कऱ्हाडला, कुलपाच्या लोखंडी कपाटात असते. खोळीत नाही, कारण खोळ ओल धरते आणि कोयनेच्या पावसात एका हंगामात नळी खाऊन टाकते. स्वच्छ सुती कापडात, तेलाचा पातळ हात देऊन, दर महिन्याला एकदा पाहून. आबांच्या पेटीत सापडलेली अकरा काडतुसे, पुण्याजवळच्या खडकीच्या दारूगोळा कारखान्यातली, रंग उडालेली आणि कागद फुगलेली, तिने दुकानात जमा करून टाकली. २०२४ मध्ये लोकसभा आणि विधानसभा अशा दोन्ही निवडणुकांच्या वेळी बंदूक ठाण्यात जमा करावी लागली. दुसऱ्या वेळी ती आणायला थोरला बहिणीबरोबर गेला होता. ठाण्यातल्या हवालदाराने मानेची तार पाहून विचारले, "ही मोडकी कशाला सांभाळता?"

"मोडकी न्हाई," थोरला म्हणाला. "बांधलेली हाय."